रुस्लानचं ॲव्हरेज

मलेशियात, इपोहमध्ये रुस्लान माझा शेजारी. दोघांच्याही छोट्या गाड्या वीस वर्षं जुन्या. पेट्रोल वाचवायला त्याने मागची सीट काढून टाकली, पुढची जाळी पत्र्याने झाकली, चाकांवर सपाट चकत्या बसवल्या. मीही अगदी तेच केलं. तरी त्याचं ॲव्हरेज माझ्या दुप्पट! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"उतारावर इंजिन बंद करतोस ना, लबाडा?" एकदा मी विचारलंच.

"बस गाडीत, दाखवतो."

कॅमेरॉनच्या घाटात उतार लागताच त्याने इंजिन बंद केलं. उतार संपला, चढ सुरू झाला, तरी गाडीचा वेग कमी होईना. मत्सराने मला राहवेना.

"आता तरी सांग, काय बसवलंयस?"

रुस्लानने डोळ्यांनीच खाली खुणावलं. मी खाली पाहिलं. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक गच्च दाबून धरला होता.