डास चावण्याची वाट

चार दिवसांची पोर हेमांगीच्या छातीला तोंड लावायची आणि लगेच रडत मान फिरवायची. वरचं दूध तिला पचत नव्हतं.

“आम्ही दूध तोडायला कडुनिंब चोळायचो,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या लशीनं आयतंच केलं!”

त्या लशीमुळे रक्तात झाडांच्या पानांत असतं तसलं कडू द्रव्य तयार होई, म्हणून गावात डास कुणालाच चावत नसत. तो कडूपणा हेमांगीच्या दुधातही उतरला होता. काल तिने लशीवर उताऱ्याचं इंजेक्शन घेतलं होतं.

“डास चावला की पाजून बघा,” नर्सने सांगितलं होतं.

हेमांगी येरझाऱ्या घालून थकली. शेवटी तिने उघड्या खिडकीतून हात बाहेर धरला. मनगटावर डास बसला. त्याचं पोट लाल होईपर्यंत दोघींनी श्वास रोखून धरला.

“पी रे राजा, पोटभर पी,” सासूबाई पुटपुटल्या आणि पोरीला उचलायला धावल्या.