न मागितलेली ओटी

"ताई, पोळ्या राहू द्या. हात धुऊन पाटावर बसा. ओटी भरायची हाये तुमची."

राखीने असं म्हटलं आणि स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. माहेरी आलेल्या लेकीने 'निघते' म्हटल्याशिवाय तिची ओटी कुणी भरत नाही. आपणहून भरायला घेतली, तर तिला सरळ घराबाहेर काढल्यासारखंच. मलकापुरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. नणंदेलाही कळावं, म्हणूनच राखीने पाट मांडला होता.

लग्न होऊन आली तेव्हापासून राखीने उन्हाळ्यात स्वतःचं माहेर पाहिलं नव्हतं. शाळांना सुट्टी लागली की मेहकरहून ही नणंद, रुपाली, दोन मुलांना घेऊन हजर. नणंद घरात असताना सुनेने माहेरी जायचं नाही, असा या घरचा रिवाज. सासू गेली, रिवाज मात्र राहिला. तिकडे लोणारला राखीची आई नातवंडांसाठी आंब्याची आढी घालायची आणि शेवटी शेजारीपाजारी वाटून टाकायची. फोनवर ते ऐकलं की राखीचा जीव तुटायचा, आणि सगळा राग रुपालीवर जायचा.

यंदा तिने डाव टाकला. आपल्या मुलांना सुट्टीतल्या क्लासात घातलं. सकाळी अबॅकस, मग ड्रॉइंग, ऊन उतरलं की स्केटिंग. मे अर्धा झाला की क्लास संपणार, आणि मग थेट लोणार. एवढं जमवून तिने मेहकरला फोन लावला.

"यंदा पोराइले सुट्टीच नाई, ताई. दिवसभर क्लास हायेत. घरी कोणीच नसते, तुम्हाले करमणार नाई."

"बरं झालं," रुपाली म्हणाली. "माह्या पोराइचेबी नावं टाकून दे."

राखीने फोन ठेवला. डाव तिच्याच अंगावर आला होता.

रुपाली आली तीही सामानाचा ढीग घेऊन. मलकापूरच्या उन्हाळ्यात, जिथे माणूस अंगावरचा सदरा काढून फेकतो, तिथे ही बाई गोधड्या बांधून घेऊन आली. 'घर समजते का धर्मशाळा,' राखी भांडी आपटत पुटपुटली. पहिल्याच दिवशी रुपालीने क्लासच्या सरांना विचारलं, शाळा सुरू झाल्यावरही हे वर्ग असतात का. राखीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जूनमध्येही हलायचा विचार नाही!

मग घरात रोजच तोंडाला तोंड लागायला लागलं. राखीने हॉलमधला कूलर आपल्या खोलीत ओढून नेला. रुपाली मुलांना घेऊन गच्चीवर झोपायला लागली. सकाळी ती चारही मुलांना क्लासला सोडायची आणि दुपारीच उगवायची. "बाजार पालथा घालून झाला का?" राखी दारातच विचारायची. रुपाली चप्पल काढून आत निघून जायची. राखीचा नवरा गोकुळ कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. बहीण मोठी, बायको तापट. तो मूग गिळून जेवायचा आणि कामावर पळायचा.

एकदा मात्र भडका उडाला.

"मलेबी माहेर हाये, ताई! तुमच्यापायी कधी पाह्यलं मी ते?"

"हे माह्या बापाचं घर हाये," रुपालीनेही सुनावलं. "तुह्या बापाच्या घरी नाई आली मी."

त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आज क्लास संपले. राखीने दुपारीच बाजारातून साडी आणली, नारळ आणला आणि पाट मांडला.

रुपाली भांडेल, रडेल, भावाला फोन लावेल, असं राखीने धरलं होतं. तसं काहीच झालं नाही. रुपालीने हात धुतले, पाटावर बसली आणि पदर पुढे धरला. राखीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, वर साडी ठेवली. कुंकू लावताना तिचा हात थोडा घाईत होता.

"सकाळी मेहकरची गाडी हाये. दाजीले म्हणा, स्टँडवर घ्याले या."

"तथी कोणी वाट नाई पाहून राह्यलं," रुपाली म्हणाली. "दुसरी आणून बसवली त्यानं घरात. मी पोरं घेऊन निघाली ते कायमची निघाली."

राखीने कुंकवाचा करंडा खाली ठेवला. "मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू? कूलर ओढून नेणारीले?"

रुपालीने पदराची गाठ मारली. मुलांना क्लासला सोडून ती रोज कुठे जात होती, तेही तिने उभ्याउभ्या सांगून टाकलं. एका रेडिमेडच्या दुकानात शिलाईचं काम धरलं होतं. रेल्वे फाटकापलीकडे खोली पाहिली होती. दोन्ही मुलांची नावं तिथल्याच शाळेत टाकून झाली होती. पुढच्या महिन्यात जाणार होती ती, आता आजच जाईल.

"ताई, थांबा," राखी म्हणाली. "हे आले की बोलू."

रुपालीने गच्चीकडे तोंड करून मुलांना हाक मारली. मग ओटीचा पदर पोटाशी धरून वळली.

"तू जाय खुशाल लोणारले," ती म्हणाली. "तुले माहेर हाये. माह्यं तू आत्ताच माह्या पदरात बांधून दिलं."