गप्प बसायची परीक्षा

सहा वर्षांची जूनी शाळेतल्या स्पीच थेरपीमुळे आता कुठे दोन-दोन शब्द जोडायला लागली होती, तेही फक्त घरी. शेजारच्या रॉबर्टाने तिच्या आईला, कॉलीनला, सावध केलं, "शाळेत बोलली ना, की 'मुलगी सुधारली' म्हणून थेरपी काढून घेतील. माझ्या पोराचं तेच केलं मेल्यांनी."

म्हणून थेरपी पुढे द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या तपासणीच्या दिवशी कॉलीनने गाडीतच लेकीला बजावलं, "आत तोंड उघडायचं नाही. गप्प बसलीस तर डोनट."

शिक्षण खात्याच्या बाईंनी कुत्र्याचं चित्र दाखवलं, बसचं दाखवलं, शेवटी कॉलीनकडे बोट करून विचारलं, "ही कोण गं?" जूनीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बाई हळहळल्या. "वर्षभर थेरपी देऊन एक शब्द नाही. हिला उपयोगच होत नाहीये, बंद करू या आपण."

"अहो, बोलते ती. जूनी, मम्मा म्हण ना गं."

"सगळ्याच आया असं म्हणतात," बाई म्हणाल्या. जूनीने हात आणखी घट्ट दाबले.




गाडीत बसल्यावर जूनीने तोंडावरचे हात काढले. "मम्मा, डोनट."