महिपतचं इंग्रजी

हॉलंडच्या गोऱ्या साहेबानं बॅगेतून कापडाचा तुकडा काढून ओटीवर पसरला, आणि मालनच्या काळजात चर्र झालं. निळ्या रेघांचा, पाठीवर फणसाच्या चिकाचा डाग पडलेला. तिच्या पोराचा, रघूचा चौथीतला सदरा! तोच फाडून तिनं पिठाची पिशवी शिवली होती. आता टाके उसवलेले आणि कडेला सरकारी शिक्का.

मालगुंडात ही रीतच आहे. कुणाचा मुलगा बोटीवर निघाला की अर्धी वाडी कुळथाच्या पिठाच्या पुरचुंड्या घेऊन दारात हजर. ही जावयाला दे, ती भाच्याला दे. नाही म्हणायचं नाही, आणि उघडून बघायचं तर नावच नको. शेजाऱ्याचं पीठ चाळून बघायचं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. रघूनं सगळ्यांच्या घेतल्या, बिचाऱ्यानं. तिकडच्या बंदरात एका पिशवीच्या पोटातून गर्दची पुडी निघाली आणि दोन महिने झाले, पोरगा त्यांच्या तुरुंगात आहे.

पिशवी कुणाची, एवढंच ठरत नव्हतं. ते मालनला आत्ता, ह्या क्षणाला कळलं. पिशवी महिपतच्या पिठाची. आणि महिपत तिच्या शेजारीच बसला होता.

महिपत मयेकर तिचा शेजारी. बारा वर्षं बोटीवर काढलेला, इंग्रजी फाडफाड. साहेब येणार म्हटल्यावर खुर्च्या त्यानंच आणल्या, साहेबांबरोबर आलेल्या हवालदाराला आपल्या घरी माशांच्या जेवणाला त्यानंच बसवलं. "तुम्ही निवांत जेवा हो, मी आहे ना बोलायला!" गोऱ्याच्या जोडीला दिल्लीहून आलेला दुसरा साहेब मूळचा मद्रासचा. दोघांनाही मराठीचा गंध नाही.

गोरा काहीतरी बोलला. मालन खांबाला धरून उभी होती ती बसली, पुन्हा उठली.

"काय म्हणतो रे तो?"

"रघू तिकडं सांगतोय, पिशवी माझीच, कुणी दिलेली नाय," महिपत म्हणाला. "कापड दाखवल्यापासून तोंडाला कुलूप. तुला इचारतायत, तुला काय ठाव हाय?"

कापड दाखवल्यापासून! म्हणजे पोरानं सदरा ओळखला. आईचा टाका ओळखला. आईचं नाव येऊ नये म्हणून सगळं आपल्या अंगावर घेऊन बसला. अरे माझ्या येड्या बाळा! तिला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला. पण रडून भागणार नव्हतं. ती गोऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सायबा, पिशवी मिनी शिवली. सदरा माज्या घरातला. पण पीठ महिपतानं आणलान. म्हणालान, वैनी, कापड नाय, तूच कायतरी बघ. हॉलंडात माजा भाचा हाय, त्याला दे. महिपतानं दिलान, सायबा. रघूला कायपण ठाव नाय."

गोरा महिपतकडं बघायला लागला. महिपतच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आवाजात साखर घोळवून तो तिला म्हणाला, "वैनी, डोकं ठिकाणावर हाय ना? मी शिवली म्हणालीस की पयली तुलाच उचलतील. दोन वर्षांमागं गर्दचा नवा कायदा आलाय. धा वर्षं आत. पोरगा तर गेलाच, आता तू कशाला जातेस?"

गेलाच? मालनच्या अंगाची लाही झाली.

"तू सांग त्याला. मी बोलले ते सगळं सांग."

महिपत साहेबांकडं वळला आणि बोलला. छान बोलला, मान हलवून, हळहळून. मालन जीव कानांत आणून ऐकत होती. इंग्रजी तिला कुठलं कळायला! पण माणसाचं नाव तर इंग्रजीतही तेच राहणार ना? ती तेवढंच शोधत होती. महिपत असं तिनं दोनदा म्हटलं होतं. त्याच्या बोलण्यात ते एकदाही आलं नाही.

मद्रासी साहेब कापडाची घडी घालायला लागला. गोऱ्यानं बॅग उघडली. झालं! हे आता उठणार, जीपमध्ये बसणार, आणि पोरगा तिकडंच म्हातारा होणार.

मालननं झडप घालून कापड ओढून घेतलं. "अगो, काय करतेस!" म्हणत महिपत उठला. तशी तिनं आपला पंजा त्याच्या छातीवर फाडकन आपटला.

"महिपत!"

त्यानं तिचं मनगट धरलं, साहेबांकडं बघून हसला, इंग्रजीत काहीतरी म्हणाला. वेडी झालीय म्हणाला असेल मेला. तिनं दुसऱ्या हातानं ते कापड त्याच्या छातीवर दाबलं. "महिपत! महिपत!"

गोऱ्याचा हात बॅगेवरच थांबला. सकाळपासून तो ह्या माणसाला मिस्टर मयेकर म्हणत होता.

"महीपॅट?" त्यानं विचारलं. तिला नाही, महिपतला. महिपतचं हसू तोंडावरच राहिलं, आणि इंग्रजी कुठं गेलं कोण जाणे.

मालननं मनगट सोडवून घेतलं. कापडाची शिवण बोटांनी दाखवली आणि तोच पंजा आता स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मालन," ती म्हणाली. नेतील तर नेऊ देत.

अजून एक नाव उरलं होतं. पण त्याच्या छातीवर हात ठेवायला तो तिथं नव्हता. तिनं जोरजोरात मान हलवली आणि तिला येत होता तेवढा एकच शब्द वापरला.

"रघू, नो."