पांढऱ्या कापडावरचे केस

फणीत पुन्हा केस होते. आखूड, करडे, मुळासकट आलेले. न्हाणीघराची कडी लावून मास्तरांनी फणी धुतली, केसांची गोळी करून खिशात टाकली आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आले.

"एवढा वेळ काय करत होतात?" बायकोने विचारलं.

"नटत होतो. गिऱ्हाइकं काय उगीच येतात कपडे शिवून घ्यायला?"

ती हसली. तिचं डोकं आत्ता कुठे झाकलं जायला लागलं होतं. केमोच्या शेवटच्या डोसनंतर आलेले नवे केस दोन बोटं वाढले होते, तेही करडे. मास्तर आपले केस कायम बारीक ठेवायचे, त्यामुळे आरशात आपण जुळी भावंडं दिसतो म्हणून ती चिडवायची. फणी एकच झाली होती, टॉवेल एकच, आणि आजारपणात जोडलेल्या खाटांवर कुणाची उशी कुठली हे कोण बघतंय.

मागच्या खेपेलाही तिचं असंच सुरू झालं होतं. आधी फणी, मग उशी, मग एके सकाळी अख्खी वेणी हातात. तेव्हा निदान औषधाने गळतात असं म्हणता येत होतं. आता औषध बंद होतं. मग गळतात कशाने? मास्तरांना एकच उत्तर सुचायचं, आणि ते सुचलं की कात्री हातातच थांबायची.

तिला कळलं तर ती हाय खाईल. म्हणून ती उठायच्या आत ते अभ्रे झटकत, मोरीची जाळी साफ करत. खिशातली गोळी दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात जायची. कापडावरही केस दिसत. घरून शर्टाला चिकटून आले असतील, असं म्हणून ते फुंकर मारत. तोंडाने विनोद चालूच. शेवटच्या डोसनंतर तिला ताप चढला आणि डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस निघू दे, मग बोलू," तेव्हाही हा माणूस बाहेरच्या बाकावर बसून वॉर्डातल्या लोकांना हसवत होता. काय काळीज आहे हो तुमचं, असं लोक म्हणाले होते.

त्या दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मास्तर टेबलावर वाकून पांढऱ्या कापडावर खडूने आखत होते. तिला बघताच त्यांनी पटकन कापडावर पंजा ठेवला.

"हात काढा."

"अगं, खडू पुसला जाईल."

तिने मनगट धरून हात बाजूला केला. पंजाखाली केस होते. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"तपासणी लवकर करून घेऊ," ते कसेबसे म्हणाले. "मी आहे ना. तू घाबरू नकोस."

"हे माझे वाटतात तुम्हाला? मी तर आत्ता पाय ठेवतेय इथे."

तिने आपल्या डोक्यावरचे केस चिमटीत धरून चांगले ओढले. चिमूट रिकामीच राहिली. मग टेबलावरून वाकून तिने त्यांच्या केसांत बोटं घातली आणि हलकेच मागे घेतली. बोटांना केस लागून आले. आखूड, करडे, मुळासकट.

मास्तर स्टुलावर टेकले.

"मला काय झालंय?"

"काही नाही. वॉर्डातल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं मला. माणसाला जबर धक्का बसला की केसांची वाढ थांबते. पण ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, सगळं निवल्यावर गळायला लागतात. मग मागून नवे येतात." ती थांबली. "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, आठवतंय?"

मास्तरांना वॉर्डाबाहेरचा बाक आठवला.

"तापात पडल्या पडल्या दाराआडून तुमचं हसणं ऐकू येत होतं मला," ती म्हणाली. तळहातावरचे केस तिने फेकले नाहीत, मूठ मिटून घेतली. "इतके दिवस मी समजत होते, तुम्ही घाबरलाच नाहीत."