चावलेला नान

"सुधारणा आहे. घरी न्या," डॉ. कोसिमोव म्हणाले आणि सही करण्यात नको तितके रमले.

नऊ वर्षांच्या निगोराचा रक्ताचा कॅन्सर उलटला होता. दुसरी औषधं दिली तर ती वाचण्याची शक्यता शंभरात तीस. पाहुण्यांना दाखवण्यासारखा हा आकडा नव्हता. परदेशी पाहुणे आजच येणार होते. शंभरातली सत्तर मुलं वाचतात असं दिसलं, तरच औषधं पाठवणार होते. दुशान्बे शहरातल्या या वॉर्डात सत्तरच्याही वर वाचत. कारण इथे मरायची सोयच नव्हती. मरणारी मुलं सुधारणा होऊन घरी जात आणि वाचलेल्यांत धरली जात.

"अल्ला तुमचं भलं करो, डॉक्टरसाहेब," छातीवर हात ठेवून बाप म्हणाला. डॉक्टरांनी पेनाचं टोपण शोधलं.

निगोराने पिशवीतून नान काढला, कडेचा एक घास चावला आणि उरलेला टेबलावर ठेवला. लांब जाणारा माणूस असं करतो. मग तो नान त्याची वाट बघतो. दुसरं कोणी त्याला शिवत नाही.

"अगं वेडे, हे घर सोडताना करतात," सलोमत नर्स हसली. "दवाखाना सोडताना नाही."

"पण औषध इथेच आहे ना?" निगोरा म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली. "काका, उंदरांपासून जपा हं."

काकांनी मान डोलावली. ती गेली.

पाहुणीबाई आल्या. आकडा ऐकून खूश झाल्या. "एकाहत्तर! शेजाऱ्यांनी शिकावं म्हणतायत," दुभाष्या म्हणाला. मग बाईंची नजर नानवर गेली. इथे पुढ्यातला नान नाकारणं म्हणजे अपमान, एवढं त्या वाचून आल्या होत्या. सुरुवात तर कोणीतरी केलेलीच दिसत होती. त्यांनी हसून हात पुढे केला.

डॉक्टरांनी नान हिसकावून घेतला.

दुभाष्या लाजेने लाल झाला. पाहुण्याच्या हातून नान ओढणं! याहून लाजिरवाणं काही असेल असं त्याला वाटत नव्हतं. तो सकाळी तिथे नव्हता.

"हा... ती परत आली की खाणार आहे," डॉक्टर म्हणाले.

"ती कोण?" दुभाष्याने विचारलं.

डॉक्टरांना मान वर करवेना.

"त्या एकाहत्तरांतली एक," ते नानकडे बघत म्हणाले. "अजून जिवंत असलेली. तिची गाडी खाली फाटकाशी अजून प्रवासी भरतेय. सलोमत, पळ, थांबव तिला."