त्र्यंबकचं हंगामी सरकार

"आजपासून या मंडळावर जनतेचं हंगामी सरकार!" त्र्यंबकने गर्जना केली आणि मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराला आतून कडी घातली. जनता म्हणजे तो एकटाच. अमेरिकेत ॲन आर्बरला तो कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या जन्मावर पीएच.डी. करत होता. तिथल्या लोकांनी वरून लादलेल्या गव्हर्नरला हद्दीवरच अडवून स्वतःचं सरकार थाटलं होतं. इथे मंडळाच्या मावळत्या अध्यक्षांनी कुणालाही न विचारता आपल्या मेव्हण्याला, शैलेंद्रला, खुर्ची दिली होती.

"त्र्यंब्या, दार उघड! संक्रांतीचं जेवण आत आहे, लोक ताटकळलेत!" शैलेंद्र बाहेरून ओरडला.

"आधी इलेक्शन घे!"

शैलेंद्रने खांद्याने दार फोडलं. त्र्यंबकने तिळाचे लाडू नेम धरून हाणले. गुळाऐवजी ब्राउन शुगर घातल्याने त्यांचे धोंडे झाले होते. शैलेंद्रची भुवई फुटली. त्याने लाटण्याने त्र्यंबकचा पुढचा दात पाडला, मग गुडघाही शेकून काढला. मॅनिटोबातलं सरकार काही महिने तरी टिकलं होतं. हे अकरा मिनिटांत पडलं.

जेवणं उरकली. बाहेर बर्फ घोट्याच्या वर गेलं होतं. तोंडावर रक्ताचा रुमाल धरून त्र्यंबक लंगडत शैलेंद्रच्या गाडीपाशी आला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "आज रविवार, बस नाही. जरा राइड द्याल का?"